लॅमिनेशन केलेला जलसा

अस्मिता मुंबईतल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरीला होती. पण तिला कुणी नुसतं 'लायब्ररीत असते' म्हटलेलं खपत नसे. ती विशेष संग्रहात होती. खाली पुस्तकं, वर्तमानपत्रं आणि परीक्षेच्या दिवसांत टेबलावर डोकं टेकून झोपणारी मुलं. वर, वेगळ्या कुलपाच्या गारढोण खोल्यांत, विशेष संग्रह. एखादा मोठा माणूस गेला की त्याच्या घरचे लोक त्याची पत्रं, डायऱ्या, फोटो, भाषणांचे कच्चे खर्डे तिथे आणून देत. एका दिवाणसाहेबांनी तर आपल्या घरच्या मेजवान्यांच्या आमंत्रणपत्रिकासुद्धा जपून ठेवल्या होत्या. त्या पत्रिका आता खास कागदाच्या खोक्यात सुखानं झोपल्या होत्या, आणि मऊ ब्रशनं त्यांची धूळ झटकण्याचं काम अस्मिताकडे होतं.

ते करताना तिचं डोकं तापायचं. दिवाणसाहेबांनी कुणाला बासुंदी वाढली ते विद्यापीठानं सांभाळायचं, आणि तिच्या बाबांचा अख्खा जलसा मात्र बदलापुरात, हेंद्रेपाड्याच्या घरी, माळ्यावर ट्रंकेत पडून राहायचा! हा कुठला न्याय, असं ती मनात म्हणायची आणि ब्रश जरा जोरात फिरवायची. मग स्वतःलाच दटावून पुन्हा हलक्या हातानं झटकायची, कारण बासुंदी कुणाचीही असो, कागदानं बिचाऱ्यानं काही केलं नव्हतं.

तिचे बाबा, भगवान रोकडे, तरुणपणी दिवसा अंबरनाथच्या एका कारखान्यात कामाला होते आणि संध्याकाळनंतर 'उजेडवाट जलसा मंडळा'चे शाहीर. धर्मांतरानंतरच्या त्या भारलेल्या वर्षांत हे मंडळ गाणी आणि सोंगं घेऊन चाळीचाळींतून, पाड्यापाड्यांतून फिरायचं. पोरींना शाळेत घाला, दारू सोडा, अंगात आलेल्याला आधी त्याचा पत्ता विचारा, असा सगळा मामला. कार्यक्रमाच्या आधी उल्हासनगरच्या छापखान्यात गुलाबी नाहीतर पिवळ्या कागदावर हँडबिलं छापून घ्यायची आणि दिसेल त्या भिंतीवर डकवायची, अशी रीत. प्रत्येक कार्यक्रमाचं एक हँडबिल बाबांनी ट्रंकेत ठेवून दिलं होतं. मंडळ केव्हाच बंद पडलं. ट्रंक राहिली.

शेवटी अस्मितानं धीर करून ग्रंथालयाच्या समितीपुढे विषय काढला. समितीत थोडी चुळबुळ झाली. जलसा म्हणजे तो नाचगाण्याचा का, असंही एकानं विचारून घेतलं. पण विभागप्रमुख हेमचंद्र सर (त्यांच्या आडनावाचे आणखी एक सर खाली बसत, म्हणून सगळे त्यांना नावानंच हाक मारत) चष्मा पुसत म्हणाले, "मी स्वतः जाऊन बघून येतो. कागद मूळ स्वरूपात असले तर आपण घेऊ. त्यात विचार कसला करायचा?"

त्या संध्याकाळी बदलापुरातच कात्रपला आपल्या घरी पोचल्या पोचल्या, चपलासुद्धा न काढता, तिनं बाबांना फोन लावला.

"म्हणजे आत ठेवणार?" बाबांनी विचारलं. "का बाहेरच्या खोलीत?"

"आत, बाबा. कुलपात. पण तोवर नीट जपा हं. पाणी लागू देऊ नका. आणि खोक्यावर तुमच्या नावाची पट्टी लागणार आहे. भगवान नाथा रोकडे संग्रह."

मग बाबा घाईघाईनं "बरं, ठेवतो" म्हणाले आणि त्यांनी खरंच फोन ठेवला. रडू आलं की बाबा असाच फोन ठेवायचे. अस्मितानं नवऱ्याला, प्रमोदला, हे सांगितलं आणि मग तीही थोडी रडली.

पण 'पाणी लागू देऊ नका' हे जे ती बोलून गेली, तिथेच सगळा घोटाळा झाला. विद्यापीठात कुणाला हे वाक्य सांगितलं असतं तर त्यानं ट्रंक खिडकीपासून दूर सरकवली असती. पण हे हेंद्रेपाडा होतं. आदल्या वर्षीच्या सव्वीस जुलैला उल्हास नदी इथल्या घराघरांत शिरली होती. अस्मिताचा धाकटा भाऊ मुकेश टीव्ही डोक्यावर घेऊन उभा, त्याची बायको माया गव्हाचा डबा कवटाळून उभी, आणि बाबा माळ्यावर ट्रंक मांडीत घेऊन बसलेले, अशी त्या घरानं ती रात्र काढली होती. पाणी उतरलं तेव्हा ट्रंक कोरडी होती, पण वस्तीत बाकीच्यांच्या कागदांचा लगदा झाला होता. रेशनकार्ड, जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, सगळ्याची आंबील. ते कागद पुन्हा मिळवताना लोकांच्या टाचा झिजल्या. त्यातून सगळ्यांनी एकच धडा घेतला, आणि तो म्हणजे लॅमिनेशन. हेंद्रेपाड्यात त्या वर्षी हाती लागेल तो कागद लॅमिनेट झाला. लोकांनी लग्नपत्रिका केल्या, बाळाच्या लसीची कार्डं केली, एका आजोबांनी डोळ्यांच्या डॉक्टरची चिठ्ठीसुद्धा करून घेतली. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये झामनदासचं दुकान होतं. त्याचं मशीन थंड व्हायला सवडच मिळत नव्हती.

हेमचंद्र सर रविवारी दुपारी येणार होते. अस्मिता सकाळीच माहेरी जाऊन पोचली. बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून खुर्चीत ताठ बसले होते. समोर टेबलावर काहीतरी चकाकत होतं.

"ताई, डोळे मिट," मुकेश म्हणाला. "नाय, आता उघड. कसं वाटतंय? एकदम झकास ना?"

टेबलावर जलसा पडला होता. गुलाबी, पिवळा, सगळा. आणि सगळा कडक प्लॅस्टिकात.

"एक पण नाय सोडला," मुकेश सांगत होता. "झामनदास बोलला, साईं, अब पानी में डुबा के रखो, कुछ नहीं होगा. मोठी पोस्टरं मशीनमध्ये घुसत नव्हती, तर मग मधोमध कापून दोन-दोन तुकडे केले. पट्टी लावून कापलीत हां, वाकडंतिकडं काय नाय."

नोकरीला लागल्यावर तिला जे प्रशिक्षण मिळालं होतं, त्यात पहिल्याच दिवशी एक बाई फळ्यावर खडू आपटून म्हणाल्या होत्या की लॅमिनेशन म्हणजे कागदाचा खून. गरम रोलरखाली प्लॅस्टिकचा चिकटा कागदात मुरतो, आणि मग तो कागद पुन्हा सुटा होत नाही. झुरळानं खाल्लेला, वाळवीनं पोखरलेला कागदसुद्धा समिती घेईल, हा घेणार नाही. मूळ स्वरूप म्हणजे मूळ स्वरूप.

"बाबा, हे कशाला केलंत?" तिच्या तोंडून कसंबसं निघालं.

"अगं, तूच म्हणालीस ना, पाणी लागू देऊ नका म्हणून," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा इतका फुललेला होता की तिला पुढचा शब्द काढवेना. ती मोरीकडे गेली, तोंडावर पाणी मारलं आणि सरांना मोबाइल लावला. आज नको, बाबांना बरं नाही, पुढच्या महिन्यात या, असं काहीतरी सांगायचं तिनं ठरवलं होतं.

"अस्मिता, मी हेंद्रेपाड्याच्या नाक्यावरच उतरतोय," सर तिकडून आनंदानं म्हणाले. "किती मोकळी हवा आहे गं इथे!"

मग तिनं दुसरा उपाय केला. जेवण लांबवलं. मायानं सुकटीची चटणी, वाटाण्याची उसळ आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. सर मनापासून जेवले. अस्मिता त्यांच्या ताटात वाढतच राहिली. भात झाला, पुन्हा भाकरी झाली, पुन्हा भात झाला. शेवटी सरांनी ताटावर दोन्ही हात आडवे धरले आणि ते म्हणाले, "पुरे बाई. मी कागद बघायला आलोय. आणखी जेवलो तर इथेच झोपेन."

आता इलाज नव्हता. सरांनी पिशवीतून स्वच्छ कापड काढून पलंगावर अंथरलं आणि पांढरे सुती हातमोजे चढवले. ते बघून बाबांच्या डोळ्यांत पाणीच आलं. आपल्या हँडबिलांना हात लावायला कुणी हातमोजे घालेल, असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्यांनी दोन्ही हातांवर गठ्ठा तोलत आणला आणि वरचं हँडबिल सरांच्या हातात दिलं. सुती बोटांतून ते गुळगुळीत प्लॅस्टिक सटकलं आणि फरशीवर फटकन पडलं.

सरांनी खाली वाकून ते उचललं, कडेनं निरखलं, उजेडात धरलं. मग दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. मग त्यांनी हातमोजे काढले, घडी घालून पिशवीत ठेवले. एवढ्यावरून बाबांना कळायचं ते कळलं.

"भगवानराव, मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही," सर म्हणाले. "समिती हे घेणार नाही. कागद आता प्लॅस्टिकपासून वेगळा होणार नाही."

"आम्ही तर जपायलाच केलं, साहेब."

"माहीत आहे. दिसतंय ते."

"सर, मीच त्यांना तसं सांगितलं होतं," अस्मिता म्हणाली. "पाण्यापासून जपा म्हटलं होतं. चूक माझीच आहे."

"असू दे गं," बाबा म्हणाले आणि खुर्चीत बसले. मघाचा ताठपणा कुठल्या कुठे गेला होता. शर्टाची इस्त्री मात्र तशीच होती, आणि ती बघून अस्मिताला फार वाईट वाटलं. पुरात जे कागद वाचले ते आपल्या एका वाक्यानं बुडाले, असं तिच्या मनात येऊन गेलं. मुकेश दाराशी उभा राहून अंगठ्यानं कडी वरखाली करत होता. झामनदासच्या सात पिढ्यांचा उद्धार तो मनातल्या मनात करत असावा.

एवढ्यात बाहेर रिक्षा थांबली आणि गंगूआत्याचा आवाज आधी आत आला.

गंगूआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. अंबरनाथ पश्चिमेला राहायची. मंडळाच्या जुन्या कोरसमधली तिची मैत्रीण सगुणाबाई तिच्या सोबत होती, आणि दोघींच्या हातांत पेढ्यांचा पुडा होता. जलशाचे कागद विद्यापीठात जाणार म्हणून दोघी त्यांची पाठवणी करायला आल्या होत्या.

"जय भीम, जय भीम. झाली का पाठवणी? का मला उशीर झाला?" दारातच आत्यानं सगळ्यांची तोंडं पाहिली. "का रं दादा? कोन गेलं?"

मुकेशनं तिला काय झालं ते सांगितलं. आत्यानं गठ्ठ्यातलं एक हँडबिल उचललं, उलटसुलट केलं, बोटाच्या पेरानं वाजवून बघितलं.

"बिघडलं कुठं? उलट चकाकतंय," ती म्हणाली आणि ते सगुणाबाईकडे फेकल्यासारखं दिलं. मायानं त्याच वेळी चहाचा ट्रे आणला. सगुणाबाईचा धक्का लागला आणि अर्धा कप चहा थेट हँडबिलावर सांडला. सर अक्षरशः उडाले. सगुणाबाईनं पदरानं चहा पुसून टाकला, हँडबिल होतं तसं गुलाबी निघालं, आणि ती शांतपणे म्हणाली, "हा कात्रपचा गं, गंगे."

"व्हय की! कात्रपचा!" आत्या पलंगावर सरांच्या त्या स्वच्छ कापडावरच बसली. "तवा कात्रपात कुठं आल्या बिल्डिंगी! भाताच्या खाचरात फळ्या टाकून स्टेज केलं हुतं. दादा रंगात आला, नाचाया लागला, आन् फळी सरकली. शाहीर थेट चिखलात!"

"मी नव्हतो पडलो," बाबा खुर्चीतून म्हणाले. "रघु पडला होता. ढोलकीसकट."

"रघु तुला काढायला खाली उतरला हुता. पडला तू."

"रघु!"

"तू! आन् मग गानं कुनी धरलं? मी धरलं. लोकांना वाटलं, हे सोंगातलंच हाय. टाळ्या वाजवल्या."

आणि कुणी सांगायची वाट न बघता आत्यानं ते गाणं धरलं. आवाज म्हातारा झाला होता, कडेनं खरखरत होता, पण सूर सुटत नव्हता. दुसऱ्या ओळीला सगुणाबाईनं साथ धरली.

*वाट चिखलाची, पोरी, पाय मळू दे गं,*
*हातातली पाटी तेवढी कोरडी राहू दे गं.*

बाबा आधी तोंड फिरवून बसले होते. तिसऱ्या कडव्याला त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर वाजायला लागली. अस्मितानं हे गाणं लहानपणी भांडी घासताना आत्याच्या तोंडून तुकड्यातुकड्यानं ऐकलं होतं. ते एवढं मोठं आहे, आणि त्यात मास्तरांचं, पाटलाचं आणि एका घाबरट बैलाचं सोंगही आहे, हे तिला आज कळलं.

गाणं संपलं तेव्हा सरांच्या मांडीवर एक छोटा रेकॉर्डर होता आणि त्याचा लाल दिवा लागला होता. कागद देणाऱ्या माणसाची थोडी माहिती ध्वनिमुद्रित करून घ्यायची, अशी विशेष संग्रहाची पद्धत असते. त्यासाठी तो आणला होता.

"हे गाणं कुठे लिहिलेलं आहे का?" सरांनी विचारलं.

"ल्हिवतंय कोन?" आत्या म्हणाली. "दादा कारखान्यात जाता-येता चालताना जुळवायचा. सांजच्याला घरी आला की मला म्हनायचा, गंगे, धर. मी धरायची. दुसऱ्या दिवशी ह्यो नवीन जुळवायचा आन् कालचं इसरायचा."

"पाठ हिला व्हायचं," बाबांनी कबूल केलं. "मी एकदा सांगून टाकलं की मोकळा."

"म्हणजे सगळी गाणी ह्यांच्याकडेच आहेत?"

"सगळी म्हंजे किती, ते कुनी मोजलंय?" आत्यानं दुसरं हँडबिल ओढलं. "हा बघा, उल्हासनगर कॅम्प चारचा. हितं सिंधी लोक बी आले हुते ऐकायला. समजत न्हवतं काही, पर पोटदुखीचं सोंग आलं की हसून लोळायचे." आणि तिनं पोटदुखीचं गाणं धरलं.

त्या दुपारी हँडबिलं हातोहात फिरली. त्यांच्यावर पेढे ठेवले गेले, चहाचे कप टेकले गेले, एक तर सगुणाबाईनं वारा घ्यायला वापरलं. प्रत्येकातून एक भांडण निघालं आणि भांडणातून एक गाणं. सर सुरुवातीला दचकत होते. नंतर दचकायचे थांबले. त्यांच्या वाचनकक्षात लोक कागदाला घाबरून श्वास रोखून बसायचे. इथे दोन म्हाताऱ्या कागदाशी कडाकडा भांडत होत्या, आणि कागदही त्यांना पुरून उरत होता. रेकॉर्डरमधली बॅटरी संपली तेव्हा मुकेशनं धावत जाऊन घड्याळाची काढून आणली.

बाहेर ऊन कललं तेव्हा सर अस्मिताला म्हणाले, "आपण कागद मागत होतो. जलसा तर कधी कागदावर नव्हताच. समितीला मूळ स्वरूप हवं ना? हे बसलंय समोर, पेढा खातंय."

"म्हंजे मी का?" आत्यानं विचारलं.

"तुम्ही. तुम्हाला येतील तेवढी गाणी आम्ही ध्वनिमुद्रित करून घेऊ. ध्वनिमुद्रणांचा संग्रह म्हणून समितीला तो घ्यावाच लागेल, ते मी बघतो. हँडबिलांचे आम्ही फोटो काढून नेऊ. पण ही इथेच राहू द्या. ही हातात घेतल्याशिवाय तुम्ही बोलत नाही, असं दिसतंय."

अस्मिताच्या जिवात जीव आला. सरांनी टिपण लिहायला कागद काढला आणि विचारलं, "संग्रहाचं नाव काय लिहू?"

"भगवान नाथा रोकडे संग्रह," अस्मिता तत्काळ म्हणाली. हेच तर तिनं बाबांना कबूल केलं होतं. बाबा खुर्चीत पुन्हा सरळ झाले.

सरांनी लिहायला पेन टेकवलं आणि सहज हातातल्या हँडबिलाकडे पाहिलं. "शाहीर भगवान रोकडे, ढोलकीवर रघु मोरे, पेटीवर... व इतर," त्यांनी वाचलं. मग आणखी दोन-तीन हँडबिलं पाहिली. "गंगूबाई, ह्यात तुमचं नाव कुठे आहे?"

"माझं? मी त्या 'व इतर'मधी," आत्या हसत म्हणाली.

"मी बी तिथंच," सगुणाबाई म्हणाली.

"आमचा बा म्हनायचा, पोरीच्या जातीचं नाव भिंतीवर लागलं तर उद्या तिला पाव्हनं येतील का बघायला? गाऊ दे म्हनला, पर छापायचं न्हाई. मग लगीन झालं. ह्यांची काही ना न्हवती. पर तवर छापखान्यात 'व इतर'चा मजकूर ठरून गेलता. मग कुनाच्या ध्यानातच आलं न्हाई. माझ्या बी न्हाई." ती पुन्हा हसली. ह्यात तिचं काही दुखत असेल असं तिच्याकडे बघून मुळीच वाटत नव्हतं.

बाबा मात्र हसले नाहीत. त्यांनी समोरचं हँडबिल घेतलं आणि डोळ्यांजवळ धरलं. आयुष्यभर ट्रंकेत सांभाळलेला कागद ते जणू पहिल्यांदा वाचत होते. छापखान्यात मजकूर द्यायला तेच जायचे.

"साहेब, थांबा," ते म्हणाले. "गंगूचं नाव लिहा."

"दादा, खुळा का तू? शब्द तुझं हायेत!"

"माझे असते तर मला आठवले असते."

"बाबा," अस्मिता हळूच म्हणाली, "अहो, तुमच्या नावाची पट्टी लागणार होती ना?"

"लागू दे की पट्टी. फक्त नाव तिचं." ते हे जरा घुश्शातच बोलले, आणि बोलताना प्लॅस्टिकवरून तळवा फिरवत राहिले. त्यांना हे सोपं गेलं नव्हतं. खोक्यावरच्या त्या नावासाठी त्यांनी गेले कित्येक दिवस शेजारच्या माणसांना थांबवून थांबवून सांगितलं होतं, हे अस्मिताला मायानं सकाळीच सांगितलं होतं. आणि म्हणूनच तिला त्या घटकेला आपल्या बापाचा जेवढा अभिमान वाटला तेवढा तो शाहीर होता ह्याचाही कधी वाटला नव्हता.

आत्यानं बराच वेळ आढेवेढे घेतले. दादाला दोनदा वेडा म्हणाली, सरांना एकदा. मघापासून जिच्या तोंडाला विसावा नव्हता ती बाई नाव सांगायची वेळ आली तेव्हा पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

"सासरचं लिहू का?" सरांनी विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली. "गायला लागले तवा मी रोकड्यांचीच हुते. गंगू नाथा रोकडे ल्हिवा. बानं अडवलं हुतं ते नाव. आता त्याच्याच नावानं मोकळं हू द्या."

समितीत पुन्हा चुळबुळ झाली, पण सरांनी काही न बोलता रेकॉर्डर टेबलावर ठेवून बटण दाबलं. घाबरट बैलाचं सोंग येईपर्यंत समिती हसायला लागली होती, आणि हसल्यावर नाही म्हणणं अवघड असतं. मग कितीतरी रविवार अंबरनाथच्या विहारात ध्वनिमुद्रण चाललं. पंखे बंद करून, घाम पुसत. शेजारच्या कुकरची शिट्टी दोन गाण्यांत आली ती सरांनी राहू दिली. विद्यापीठाचं स्वीकृतीचं पत्र आलं तेव्हा मुकेशनं भीतभीत विचारलं की हे लॅमिनेट केलं तर चालेल का. "ते पत्र तुमचं आहे," सर म्हणाले. "खुशाल करा."

संग्रह वाचकांना खुला झाला त्या आठवड्यात आत्या म्हणाली, मला ते बघायचंय. अस्मिता तिला आणि बाबांना घेऊन गेली. विशेष संग्रहाच्या दाराशी विष्णुपंत बसत. नियमाचा पक्का माणूस. कुलगुरू आले तरी चिठ्ठी भरल्याशिवाय आत सोडत नसत. चिठ्ठीवर दोन ओळी असत: वर हव्या असलेल्या संग्रहाचं नाव, खाली वाचकाचं. मी भरते, असं अस्मिता म्हणाली, पण आत्यानं तिच्या हातातून पेन काढून घेतलं. प्रौढांच्या वर्गात ती अक्षरं शिकली होती. आता तिनं ती एकेक करून, जीभ दातांत धरून, वर लिहिली आणि मग खाली लिहिली. बाबा तिची पिशवी धरून शेजारी उभे होते.

विष्णुपंतांनी चिठ्ठी वाचली आणि परत पुढे सरकवली. "आजी, दोन्हीकडे एकच नाव पडलंय. वर संग्रहाचं नाव लिहायचं, खाली तुमचं."

"तसंच ल्हिवलंय," आत्या म्हणाली.

विष्णुपंतांनी चिठ्ठीकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, मग अस्मिताकडे पाहिलं. अस्मितानं नुसती मान हलवली. त्यांच्या सगळ्या नोकरीत ज्याच्या नावाचा संग्रह आहे असं माणूस ह्या दारातून चालत कधी आलं नव्हतं. इथे खोक्यावर नाव चढायचं ते माणूस गेल्यावर. ते खुर्चीतून उठले. शिक्का मारायचा राहिला तो राहिलाच.

"या, गंगूबाई," ते म्हणाले, आणि दार त्यांनी स्वतः उघडून धरलं.